नऊ नंबर की चौदा नंबर: मुलानं शिअररचा खेळ गिरवावा की हेन्रीचा?

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा स्ट्रायकर म्हणून, म्हणजे गोल करायला पुढे, खेळायला लागला की घरच्यांना आणि कोचला एक प्रश्न पडतो: याला बघायला काय द्यायचं? आजच्या स्ट्रायकरांचे व्हिडिओ ढिगानं मिळतात. पण त्यांतले बरेच जण अकरा जणांच्या पक्क्या आखणीत खेळतात. मागचे दहा जण काय करताहेत हे न कळता नुसता त्यांचा खेळ बघितला, तर हालचालीमागचं कारणच हाती लागत नाही. त्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षं मागे गेलेलं बरं. तिथे दोन नावं हमखास समोर येतात, न्यूकॅसलचा अ‍ॅलन शिअरर आणि आर्सेनलचा थिएरी हेन्री. प्रीमियर लीगनं एप्रिल २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम सुरू केलं, तेव्हा पहिल्या मानाला हेच दोघे होते.

अडचण चाहत्यांच्या आठवणींची आहे. न्यूकॅसलचा माणूस शिअररबद्दल बोलू लागला की गोल झाल्यावर उजवा हात उंच करून धावणारा नऊ नंबर सांगतो आणि जाळं फाडणारा फटका सांगतो. आर्सेनलवाला नोव्हेंबर २००२ मधला टॉटनहॅमविरुद्धचा गोल काढतो: स्वतःच्या अर्ध्यातून निघालेली धाव आणि शेवटी टॉटनहॅमच्याच चाहत्यांसमोर गुडघ्यांवर घसरत जाणं. एमिरेट्स स्टेडियमबाहेरचा त्याचा पुतळाही त्याच पोझमधला आहे. या आठवणी खऱ्याच आहेत, पण शिकायला निरुपयोगी. फटका आणि धाव हे दिसणारं टोक झालं. उचलण्यासारखं जे आहे ते त्याआधीच्या दोन सेकंदांत घडतं, आणि ते या दोघांत अगदी वेगळं आहे.

आकडे, थोडक्यात

प्रीमियर लीगमध्ये शिअररचे ४४१ सामन्यांत २६० गोल, हेन्रीचे २५८ सामन्यांत १७५. म्हणजे सामन्यामागे ०.५९ आणि ०.६८. पेनल्टी वगळल्या (शिअररच्या ५६, हेन्रीच्या २३) तर हेच आकडे ०.४६ आणि ०.५९ होतात. एवढ्यावर हेन्री सरस म्हणून मोकळं होता येईल, पण तो घाईचा हिशेब आहे. शिअररची शेवटची नऊ वर्षं दुखापतींनंतरची आहेत, आणि हेन्रीच्या मागे २००३-०४ चा हंगाम २६ विजय आणि १२ बरोबरींसह न हरता संपवणारा संघ होता. न्यूकॅसलला येण्याआधी ब्लॅकबर्नकडे असताना शिअररनं सलग तीन हंगामांत ३१, ३४, ३१ असे लीग गोल केले होते.

गोलसाठी दिलेले पास मोजले तर हेन्री ७४, शिअरर ६४. शिअररला लोक 'फक्त फिनिशर' म्हणतात, त्यांनी हा आकडा जरा बघावा.

करंडकांत तुलनाच नाही. हेन्रीकडे आर्सेनलबरोबरची दोन लीग जेतेपदं आहेत, पुढे बार्सिलोनाबरोबरची चॅम्पियन्स लीग आणि आर्सेनलच्या आधीचा फ्रान्सचा विश्वचषकही. शिअररकडे १९९५ ची ब्लॅकबर्नची लीग, बाकी मोठं काही नाही. न्यूकॅसलसाठी २०६ गोल करून त्यानं जॅकी मिलबर्नचा २०० चा विक्रम मोडला, पण त्याच्या काळात संघाला एकही करंडक मिळाला नाही. १९९८ आणि १९९९ असे लागोपाठ दोन एफए कप अंतिम सामने हरले. तरीही सेंट जेम्स पार्कबाहेर त्याचा पुतळा आहे. गॉसफर्थमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्याचा मुलगा मँचेस्टर युनायटेडला नकार देऊन १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीत गावच्या संघाकडे आला, हे तिथल्या लोकांना करंडकापेक्षा मोठं वाटतं. मुलाला शिकवायला मात्र याचा काही उपयोग नाही, तेव्हा पुढे.

शिअरर: आधी जागा, मग जोर

शिअररचे खरं तर दोन अवतार आहेत, आणि व्हिडिओ निवडताना हा फरक न केल्यानं गोंधळ होतो. पहिला ब्लॅकबर्नचा. हा पळायचा, डिफेंडरच्या बाजूनं मोकळ्या पट्ट्यात घुसायचा. १९९२ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, त्यातूनही तो सावरला. १९९७ च्या उन्हाळ्यात घोट्याची जबर दुखापत झाली आणि नंतर तो वेग पूर्ण परतला नाही. मग दुसरा शिअरर घडला: गोलकडे पाठ, चेंडू पायाशी धरून ठेवणारा, डिफेंडरला पाठीवर घेऊन खेळणारा.

सप्टेंबर १९९९ मध्ये बॉबी रॉबसन मॅनेजर म्हणून न्यूकॅसलला आले तेव्हा त्यांनी हेरलं की हा जास्तच वेळ गोलकडे पाठ करून उभा असतो. त्यांनी त्याला अर्धं वळून उभं राहायला आणि बचावाच्या मागे धावायला लावलं. रॉबसन यांच्या घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात शेफील्ड वेन्सडेवर ८-० असा विजय, त्यात शिअररचे पाच गोल.

अर्धं वळून उभं राहणं म्हणजे काय, हे मुलाला मैदानावर उभं करूनच दाखवावं. दोन्ही खांदे पास देणाऱ्याकडे असतील तर गोल दिसत नाही आणि डिफेंडर नेमका कुठे आहे ते कळत नाही. एक खांदा पास देणाऱ्याकडे, दुसरा गोलकडे ठेवला की मान थोडी फिरवून दोन्ही दिसतं. गुडघे वाकलेले, कंबर खाली, जवळचा हात डिफेंडरच्या छातीच्या बाजूला पसरलेला (ढकलायचं नाही, फक्त अंतर ठेवायचं) आणि चेंडू डिफेंडरपासून लांबच्या पायावर. सराव सोपा आहे: १० बाय १० मीटरचा चौकोन, १२ मीटरवरून जमिनीलगत पास, मागे एक डिफेंडर. दहा चेंडूंत किती वेळा चेंडू राखला ते मोजा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलगा आपलं सगळं वजन डिफेंडरवर टाकतो. चलाख डिफेंडर नेमक्या वेळी एक पाऊल मागे सरकतो आणि हा पाठीवर पडतो, वर फाऊल मागत बसतो. वजन आपल्याच दोन पायांवर हवं. डिफेंडर आहे की नाही हे चाचपायला फक्त हात आणि नितंब.

शिअररची दुसरी गोष्ट क्रॉसवरची, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवरची. ब्लॅकबर्नला रिप्ली आणि विलकॉक्स, न्यूकॅसलला सोलानो आणि रोबेअर, म्हणजे दोन्हीकडे दोन्ही बाजूंनी चेंडू टाकणारे होते. शिअररची उंची सहा फुटांच्या आसपास, म्हणजे डिफेंडरांपेक्षा उंच नव्हे. तरी हेडरनं त्यानं लीगमध्ये ४६ गोल केले. कसे, ते संथ गतीनं बघा. विंगर (कडेनं खेळणारा) चेंडू घेऊन पुढे येत असताना तो लांबच्या खांबाच्या बाजूला, डिफेंडरच्या पाठीमागच्या खांद्याशी असतो. डिफेंडरला चेंडू आणि माणूस एका वेळी दिसत नाही. विंगरनं क्रॉससाठी मान खाली घातली की हा दोन पावलं आणखी लांब जातो, डिफेंडर त्याच्याबरोबर सरकतो, आणि मग तो त्याच्यासमोरून कापत जवळच्या खांबाकडे, ५.५ मीटरच्या चौकटीच्या कोपऱ्यात पोहोचतो. थांबून नव्हे, धावत. म्हणून उडी उंच नसली तरी डोक्याला जोर मिळतो.

मुलं या जागी लवकर पोहोचतात. चेंडू यायच्या आधीच तिथे गेलं तर उभ्यानं उडी मारावी लागते आणि मागून पळत येणारा डिफेंडर सहज वरून घेतो. उशीर झालेला चालतो, लवकर गेलेलं नाही. सरावात आधी हातानं टाकलेल्या चेंडूवर आणि पायानं गोल मारायला लावा. वेळ जमली की मगच डोकं.

डोक्याबाबत आकडा पाळाच. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ११ वर्षांखालील मुलांना सरावात हेडर देऊच नये असं सांगितलं आहे. १४ ते १६ वयोगटाला आठवड्यात एकच सत्र आणि त्यात जास्तीत जास्त दहा हेडर. ज्या शिअररनं एवढे हेडर मारले, त्यानंच पुढे २०१७ मध्ये हेडर आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधावर बीबीसीसाठी कार्यक्रम केला, हेही मुलाला सांगायला हरकत नाही.

हेन्री: डावीकडून आत

हेन्री मुळात विंगर. युव्हेंटसकडे तो जेमतेम अर्धा हंगाम होता, तिथे त्याला कडेलाच खेळवलं आणि तो फिका पडला. ऑगस्ट १९९९ मध्ये आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांनी त्याला आर्सेनलला आणून मधे उभं केलं. पहिले आठ सामने गोल नाही. मग साउदॅम्प्टनविरुद्ध पहिला झाला, आणि पुढचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे: आर्सेनलसाठी एकूण २२८ गोल, चार वेळा लीगचा गोल्डन बूट, म्हणजे हंगामात सर्वाधिक गोलांचा मान.

पण विंगरची सवय त्यानं सोडली नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. नऊ नंबरच्या जागी खेळत असूनही तो डाव्या पट्ट्यात सरकून उभा राहायचा. प्रतिस्पर्ध्याचा उजवा बॅक (उजव्या कडेचा डिफेंडर) आर्सेनलच्या डाव्या कडेचे पिरेस आणि अ‍ॅशली कोल यांच्यात अडकलेला. मग सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, आपली जागा सोडून हेन्रीकडे यावं लागे. तिथे मोकळ्या जागेत एकास एक आणि हेन्रीचा वेग. अर्धा सामना इथेच संपायचा.

शाळेच्या किंवा तालमीच्या संघात हे उचलताना नेमकं हेच बिघडतं. मुलगा हेन्री बघून डाव्या कडेला जाऊन उभा राहतो, पण आत शिरणारा पिरेस नसतो, मागून वर येणारा कोल नसतो. परिणामी बॉक्समध्ये (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत) कोणीच नाही आणि संघाकडे एक स्ट्रायकर कमी, एक विंगर जास्त. हेन्रीची जागा घ्यायची असेल तर आधी कोचशी बोलून कोण बॉक्समध्ये जाणार ते ठरवावं लागतं. मुलानं एकट्यानं ठरवायची ही गोष्ट नाही.

जे एकट्याला शिकता येतं ते म्हणजे त्याचा फिनिश, गोलवरचा शेवटचा फटका. डावीकडून आत येत उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं, गोलकीपरला वळसा घालून लांबच्या खांबाच्या आत. चेंडू आधी खांबाच्या बाहेर निघाल्यासारखा वाटतो आणि मग आत वळतो. याची फोड अशी:

शेवटचा टच सर्वांत महत्त्वाचा. तो चेंडू सरळ पुढे नव्हे, तिरका आत, पायापासून मीटर-दीड मीटर अंतरावर जायला हवा. याहून जवळ राहिला तर पाय फिरवायला जागा नाही, लांब गेला तर गोलकीपर आधी पोहोचतो. डावा पाय चेंडूच्या बाजूला, एका वीतभर अंतरावर. घोटा आवळलेला, पंजा थोडा वर आणि बाहेर. अंगठ्याच्या सांध्यामागचा टणक भाग चेंडूच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे लागला पाहिजे. छाती चेंडूच्या वर. जोर सत्तर टक्के पुरे.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा कंबरेत. मुलगा फटक्याच्या आधीच कंबर उघडतो आणि गोलकीपरला दिशा कळते. हेन्री शेवटच्या पावलापर्यंत जवळच्या खांबाकडे मारणार असाच दिसतो. कंबर पायाबरोबर उघडते, आधी नाही. दुसरी चूक मागे झुकण्याची, त्यात चेंडू बारवरून जातो. तिसरी, गोलरेषेच्या दिशेनं धावत राहण्याची: प्रत्येक पावलाला कोन लहान होतो आणि मग लांबचा खांब दिसतच नाही.

सरावाला बॉक्सच्या डाव्या कोपऱ्याजवळ, गोलपासून सुमारे १६ मीटरवर शंकू ठेवा. लांबच्या खांबाच्या आत दीड मीटरवर दुसरा शंकू, हे दार. चार फेऱ्या, प्रत्येकीत पाच फटके, मधे मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून दोनदा. वीसपैकी आठ दारातून गेले की मगच गोलकीपर उभा करा, आधी नाही. नाहीतर मुलगा दार सोडून गोलकीपरकडे बघायला लागतो.

आणि हेन्री फक्त उजव्या पायाचा नव्हता. फेब्रुवारी २००६ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावरचा एकमेव गोल बघा. मध्यवर्तुळाजवळून निघाला, एकेकाला मागे टाकलं, शेवटी उजवीकडून डिफेंडर रामोस आडवा येत होता, म्हणून चेंडू डाव्या पायावर ठेवून गोलकीपर कासियासच्या पलीकडे जमिनीलगत सरकवला. पाय कोणता हे डिफेंडर ठरवतो. डावखुऱ्या मुलासाठी वरचा सगळा सराव मैदानाच्या उजव्या बाजूनं, आरशातल्यासारखा करून घ्यावा.

पेनल्टी: इथे दुमत नाही

शिअररनं प्रीमियर लीगमध्ये ६७ पेनल्टी मारल्या, ५६ घातल्या, ११ चुकवल्या. चुकवण्याचा हा आकडा मोठा दिसतो, पण सहापैकी पाच आत जाणं हे उत्तमच. त्याची पद्धत साधी होती: सरळ धाव, जोराचा फटका, वाटेत लाडीगोडी नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हेच हवं. चेंडू ठेवताना कोपरा ठरवायचा आणि धावताना बदलायचा नाही. बऱ्याच पेनल्टी वाया जातात त्या धावता धावता मन बदलल्यामुळे. पाय एकीकडे, कंबर दुसरीकडे, आणि चेंडू मधोमध गोलकीपरच्या हातात.

हेन्रीकडून पेनल्टीत काय शिकू नये याचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २००५, मँचेस्टर सिटीविरुद्ध. पिरेसनं चेंडू हलकेच पुढे ढकलायचा आणि मागून धावत येऊन हेन्रीनं मारायचा, असा बेत. पिरेसचा पाय चेंडूला जेमतेम लागला, चेंडू धड हललाच नाही, सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि रेफ्रीनं सिटीला फ्री किक दिली. आर्सेनल १-० नं जिंकलं म्हणून हसण्यावारी गेलं.

मग कोणासाठी कोण?

एक चाचणी घ्या. मुलाला आपल्याच संघाच्या उजव्या बॅकशेजारी उभं करा आणि ३० मीटर पळवा. दोन मीटरहून जास्त पुढे गेला तर हेन्रीच्या धावा त्याच्या उपयोगाच्या. बरोबरीत किंवा मागे असेल तर हेन्रीचा फिनिश घ्या, धाव सोडा आणि जागा शिअररच्या घ्या. आमच्या मते बहुतेक मुलं या दुसऱ्या गटात येतात, म्हणून सुरुवात शिअररपासूनच करावी. वेग सराव करून थोडा वाढतो. डिफेंडरच्या मागच्या खांद्याशी उभं राहणं मात्र संथ मुलालाही एका महिन्यात जमतं.

मैदानही बघा. पावसाळ्यात चिखल झालेल्या मातीवर चेंडू अडकतो, तिथे दीड मीटरचा तिरका टच मिळतच नाही. पाठीवर डिफेंडर घेऊन चेंडू राखणं आणि क्रॉस हेच चालतं. उलट पाच-पाचच्या टर्फवर क्रॉसचा प्रश्न नसतो आणि गोल लहान असतो, जोर फुकट जातो. तिथे हेन्रीचा आतल्या बाजूचा फटका रोज कामी येतो.

शनिवारी संध्याकाळी ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सवर सामने बघून वाढलेली पिढी आता आई-बाबांच्या वयाची आहे, आणि तिच्या डोळ्यांसमोर हेन्री आधी येतो. आवड तुमची असू द्या, निवड मुलाच्या पायांवरून करा. आणि गोलचा दुष्काळ पडला म्हणून महिन्याभरात नमुना बदलू नका. हेन्रीचे ते आठ कोरडे सामने वर आलेच आहेत. शिअरर तर युरो १९९६ ला येताना इंग्लंडसाठी सलग १२ सामने गोलशिवाय होता, आणि त्याच स्पर्धेत पाच गोल करून अव्वल ठरला. त्यातला हॉलंडविरुद्धचा दुसरा गोल जरूर दाखवा: साथीदार शेरिंगहॅम स्वतः मारण्याचा आव आणतो आणि चेंडू उजवीकडे सरकवतो, शिअरर तिथे आधीपासून मोकळा उभा. मारणं सोपं होतं, तिथे असणं अवघड.

हेन्रीचे दोन पुरेत. एप्रिल २००४ मधला लिव्हरपूलविरुद्धचा, आर्सेनलच्या जुन्या हायबरी मैदानावरचा गोल, ज्यात लिव्हरपूलचे हामान आणि कॅराघर मागे पडतात आणि शेवट त्याच ठरलेल्या फटक्यानं होतो. दुसरा ऑक्टोबर २००० मधला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा: गोलकडे पाठ, चेंडू वर उडवला, वळला आणि गोलकीपर बार्तेझच्या डोक्यावरून. हा दुसरा फक्त आनंदासाठी. त्याचा सराव करायला लावू नका, चेंडू शेजारच्या गच्चीवर जातील.

शिअररचा शेवटचा एक, जो कोणाच्याच आवडत्या गोलांच्या यादीत नसतो. जानेवारी २००३, मँचेस्टर सिटी. सामना सुरू होताच चेंडू मागे गोलकीपर कार्लो नॅशकडे जातो. तो लांब मारायला जातो तोवर शिअरर पोहोचलेला असतो, फटका अडवतो आणि रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलतो. घड्याळात १०.४ सेकंद. मुलाला हा दाखवताना चेंडू बघू देऊ नका. मागचा पास पडला त्या क्षणी थांबवा आणि विचारा, शिअररचं पहिलं पाऊल कधी पडलं?